रॉबर्ट बॉश : बारीक फवाऱ्याचा कारागीर

नाशिकमध्ये मायको सर्कल सर्वांना ठाऊक आहे. पण मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, हे नव्या पिढीला सांगावे लागते. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारा तिचा कारखाना सातपूरला आहे. 2008 मध्ये कंपनीचे नाव बदलून बॉश झाले. ते ज्यांचे नाव, त्या रॉबर्ट बॉश यांच्या कामाचा आपल्या फुप्फुसांशी जवळचा संबंध आहे.

बॉश यांचा जन्म 23 सप्टेंबर 1861 रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या अल्बेक गावी झाला. बारा भावंडांत ते अकरावे. उल्ममध्ये त्यांनी सूक्ष्म यंत्रांचे काम शिकून घेतले. पुढे अमेरिकेत एडिसन यांच्या कारखान्यात आणि नंतर इंग्लंडमध्ये नोकरी केली. 15 नोव्हेंबर 1886 रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये लहानसे वर्कशॉप काढले. हाताखाली एक कारागीर आणि एक पोऱ्या. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोने त्यांचा जम बसवला. 1906 मध्ये त्यांनी कामगारांसाठी आठ तासांचा दिवस लागू केला.

डिझेल इंजिनात मात्र ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. सारी मेख त्या फवाऱ्यात आहे. जाड ओंडका चुलीत धुमसतो, बारीक काटक्या भराभर जळतात. इंधनाच्या थेंबांचेही तसेच. थेंब जाड राहिला, हवा नीट मिसळली नाही, की अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी होते. सुरुवातीच्या डिझेल इंजिनांत इंधन दाबलेल्या हवेच्या जोरावर आत ढकलले जाई. त्यासाठी अवजड कॉम्प्रेसर लागे, म्हणून ही इंजिने मुख्यतः कारखान्यांत आणि जहाजांवर असत.

1921 मध्ये बॉश यांचा तरुण मुलगा दीर्घ आजाराने गेला. पुढच्याच वर्षी, वयाच्या 61 व्या वर्षी, त्यांनी इंधन फवारणाऱ्या पंपाचे काम हाती घेतले. त्याचे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत अचूक लागत. अनेक नमुने करून पाहिल्यावर 1927 मध्ये पंपाचे घाऊक उत्पादन सुरू झाले आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये रुळले.

यामागचा हेतू आरोग्याचा नव्हता. इंजिन हलके, काटकसरी आणि भरवशाचे व्हावे, एवढाच होता. पण इंधन पूर्ण जळाले तर काजळीही कमी होते. आजच्या कॉमन रेल इंजिनात हाच फवारा वातावरणाच्या सुमारे दोन हजार पट दाबाने सोडला जातो. मात्र ज्वलन जितके तप्त, तितके नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. म्हणून 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 मानकांच्या गाड्यांमध्ये काजळीचे फिल्टर असतात आणि बऱ्याच गाड्यांत युरियाचे द्रावणही लागते.

हे गरजेचे आहे, कारण काजळीचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा असल्याचे जाहीर केले. नुसते यंत्र अचूक असून भागत नाही, मोजमापही प्रामाणिक लागते. डिझेल उत्सर्जन घोटाळ्यात देखरेखीत कसूर केल्याबद्दल 2019 मध्ये जर्मनीत खुद्द बॉश कंपनीला 9 कोटी युरोंचा दंड झाला.

1940 मध्ये बॉश यांनी स्टुटगार्टमध्ये रुग्णालय उभारले. होमिओपॅथीवर त्यांचा विश्वास होता, म्हणून सुरुवातीला तिथे ती उपचारपद्धती होती. आज ते आधुनिक रुग्णालय आहे आणि तिथे फुप्फुसाच्या रुग्णांवरही उपचार होतात. 12 मार्च 1942 रोजी बॉश यांचे निधन झाले.

ट्रक, ट्रॅक्टर किंवा जनरेटर काळा धूर ओकू लागला, तर नोझल झिजले असेल किंवा एअर फिल्टर तुंबला असेल. तो वेळीच तपासून घ्यावा, फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला ऐकू नये आणि बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुराजवळ रोज काम करणाऱ्याचा खोकला तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना दाखवावे.