सर्वांचे सोंग घेणारे यंत्र

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ज्यांनी बोहाडा पाहिला आहे, त्यांना सोंग म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. मुखवटा चढला की ओळखीचा माणूस घटकाभर गणपती होतो, रावण होतो. संगणकालाही असे सोंग घेता येते. एखाद्या पतपेढीचा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा हिशेब ‘डॉस’वर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये अडकलेला असतो आणि आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर तो सुरूच होत नाही. अशा वेळी ‘डॉसबॉक्स’सारखा इम्युलेटर उपयोगी पडतो. जुन्या यंत्रासाठी लिहिलेली एकेक आज्ञा तो वाचतो आणि त्याच अर्थाचे काम नव्या यंत्राकडून करून घेतो. जुन्या प्रोग्रामला आपण आपल्याच घरी आहोत असे वाटते.

एका यंत्राने दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणे शक्य आहे, हे गणिताने सिद्ध झाले ते १९३६ मध्ये. तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मालाही आले नव्हते. सिद्ध करणारा होता केंब्रिजमधील एक तरुण, ॲलन ट्युरिंग.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला, पण घराण्याची मुळे भारतात रुजलेली होती. वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते, तर आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. नोकरीमुळे आईवडील भारतात असत आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या कुटुंबात वाढले.

शेरबर्न शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा जिवलग मित्र भेटला. गणित आणि खगोलशास्त्र हे दोघांचे वेड. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर गेला. लहानपणी प्यायलेल्या दूषित दुधातून त्याला गुरांचा क्षयरोग झाला होता. दूध नीट उकळले किंवा पाश्चराइज केले, तर हे जंतू मरतात. घरोघरी दूध तापवण्याची आपली सवय म्हणूनच मोलाची आहे. धारोष्ण दुधाच्या कौतुकापायी ती मोडू नये. मित्राच्या जाण्याने ट्युरिंग हादरला. माणसाचे मन शरीरात नेमके कसे वसते, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मागे लागला.

चोविसाव्या वर्षी लिहिलेल्या शोधनिबंधात त्याने कागदावरच एक यंत्र उभे केले. त्यात चौकटी पाडलेली लांबच लांब पट्टी होती, एकेक चौकट वाचणारे व लिहिणारे टोक होते आणि नियमांची यादी होती. प्रत्येक कामासाठी असे एक यंत्र. मग त्याने पुढचे पाऊल टाकले. यंत्राचे नियमच पट्टीवर लिहून दिले, तर एकच ‘सार्वत्रिक यंत्र’ ते वाचून दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे काम करू शकेल. यंत्र बदलायला नको, आज्ञा बदलल्या की पुरे. इम्युलेटरचे बीज इथे आहे. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ हे संगणक आणले, तेव्हा जुन्या १४०१ संगणकाचे प्रोग्राम त्यावर चालावेत म्हणून अशीच नक्कल करण्याची सोय दिली.

दुसऱ्या महायुद्धात ट्युरिंग ब्लेचली पार्क येथे जर्मन ‘एनिग्मा’ यंत्राचे गुप्त संदेश फोडण्याच्या कामात होता. पोलिश गणितज्ञांच्या कामावर पुढे रचना करून त्याने ‘बॉम्ब’ नावाचे यंत्र आखले. हेही एक सोंगच होते. अशा एका यंत्रात साधारण ३६ एनिग्मांची नक्कल एकाच वेळी चाले. परागकणांच्या ॲलर्जीने नाक-डोळे वाहू लागले, की हा गृहस्थ तोंडावर गॅस मास्क चढवून सायकलने कामावर जाई.

युद्धानंतर त्याने संगणकाचा आराखडा केला आणि १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाला. त्याने मित्राबरोबर बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला होता, पण तो चालवू शकेल असा संगणक नव्हता. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच यंत्र झाला. कागदावर नियम पाहून एकेक चाल काढायला अर्धा-अर्धा तास लागे. तो डाव प्रोग्राम हरला.

त्याच वर्षी त्याचा जीवशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध झाला. एकसारख्या पेशींच्या गोळ्यातून ठिपके, पट्टे, अवयव कसे घडतात? एक रसायन प्रक्रिया वाढवते, दुसरे रोखते आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने पसरतात. एवढ्यावरही नक्षी उमटू शकते, असे त्याने गणिताने दाखवले. तानसाच्या जंगलातल्या बिबट्याच्या अंगावरचे ठिपके आजही या सिद्धांताच्या आधारे समजावले जातात. गर्भात बोटे कशी वेगळी होतात, याच्या अभ्यासातही हेच गणित उपयोगी पडले आहे.

मात्र त्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला. घरातील चोरीच्या तपासात त्याने एका पुरुषाशी असलेले आपले संबंध पोलिसांपासून लपवले नाहीत. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने तो गुन्हा होता. तुरुंग टाळायचा तर संप्रेरकांचा उपचार घ्यावा लागणार होता. वर्षभर त्याला कृत्रिम इस्ट्रोजेन देण्यात आले. त्याने नपुंसकत्व आले, छाती वाढली. गुप्त संदेशांच्या सरकारी कामाचे दरवाजेही बंद झाले.

वैद्यकशास्त्राने विसरू नये असे हे पान आहे. जिथे आजारच नव्हता, तिथे औषध दिले गेले आणि त्यामागे डॉक्टरची सही होती. शिक्षा भोगणाऱ्याच्या संमतीला संमती म्हणता येत नाही.

७ जून १९५४ रोजी विल्म्सलो येथील घरी सायनाइडच्या विषबाधेने ट्युरिंगचा मृत्यू झाला. वय अवघे ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईचा मात्र अखेरपर्यंत तो अपघात असल्याचा विश्वास होता. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राजघराण्याकडून मरणोत्तर क्षमा मिळाली आणि २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आले.

आपल्याकडेही तो ब्रिटिश वारसा कलम ३७७ च्या रूपाने टिकून होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर काढले. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच वगळली आहे आणि ती ‘बरी’ करण्याचा दावा करणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही खेड्यापाड्यांत अशा मुलामुलींना गंडेदोरे, जबरदस्तीचे लग्न किंवा ‘इलाज’ यांना तोंड द्यावे लागते. घरच्यांनी आधी ऐकून घ्यावे. मूल गप्प राहू लागले, खाणेपिणे व झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर उशीर न करता सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. सोंग घेणे यंत्राला शोभते. माणसाला जन्मभर ते घ्यायला लावू नये.