भुताळी, अफवा आणि गोदूताई

मुलुंड स्टेशनवर टिटवाळा लोकलची अनाउन्समेंट तुम्ही रोज ऐकता. टिटवाळा म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो. पण ७ जानेवारी १९४५ ला याच टिटवाळ्यात शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला असलेल्या उंबरगाव तालुक्यातून काही वारली माणसंही तिथे आली आणि त्यांनी आपली वेठबिगारी सगळ्यांसमोर मांडली. ते ऐकून ३७ वर्षांची एक बाई थेट त्यांच्या पाड्यांवर जाऊन पोचली. तिचं नाव गोदावरी परुळेकर.

त्या मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या गोखले. जन्म १९०७ चा. वडील नामांकित वकील. गोदावरी फर्ग्युसनला शिकल्या, मग कायद्याची पदवी घेतली. त्या काळात लॉ करणारी मुलगी म्हणजे केवढी बातमी, विचार करा! पण १९३२ च्या सत्याग्रहात त्या तुरुंगात गेल्या आणि वडिलांशी बिनसलं. त्यांनी घर सोडून मुंबई गाठली, इथे साक्षरतेचे वर्ग चालवले आणि घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं.

पाड्यावरची भीती

वारली म्हटलं की आपल्याला कुर्त्यावरचं पांढरं पेंटिंग आठवतं. गोदावरींना दिसलेलं चित्र वेगळं होतं. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडायला नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. याला ‘लग्नगडी’ म्हणत. बायकांवर जमीनदार हक्क सांगायचा, तो वेगळाच.

त्याच पाड्यांवर आणखी एक भीती होती, भुताळीची. मूल तापाने गेलं, गाय आटली, की लोक भगताकडे जायचे. तो तांदळाचे दाणे बघून कारण सांगायचा. बोट बहुतेकदा बाईकडे वळायचं, त्यातही एखाद्या विधवेकडे किंवा एकटीकडे. मग मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी जीवच घेणं. युरोपात काही शतकांपूर्वी हजारो बायकांना चेटकीण म्हणून मारलं, ते आपण वेब सिरीजमध्ये बघतो. आपल्याकडे मुंबईपासून काही तासांवर हेच चालू होतं. यामागे अंधश्रद्धा असतेच, पण पुष्कळदा बाईच्या वाट्याची जमीन किंवा जुनं भांडणही असतं.

२३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. गोदावरी पायी पाडे पालथे घालत होत्या. लोक त्यांना गोदूताई, गोदाराणी म्हणू लागले.

अफवा आणि गोळीबार

ऑक्टोबर १९४५ मध्ये अफवा उठवली गेली, की गोदाराणीच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी तलवाड्याला या. प्रेमापोटी हजारो माणसं रातोरात धावली. गोदावरी तिथे नव्हत्याच! जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. नंतर परुळेकरांना जिल्हाबंदी झाली, तरी वेठबिगारी मोडलीच.

माझ्या मते गोदूताईंच्या आयुष्यातला हा प्रसंग आपण नीट समजून घ्यायला हवा. भुताळी ठरवायला आणि जमाव जमवायला एकच गोष्ट लागते. कुणीतरी काहीतरी सांगतं, आणि ‘तुला कसं कळलं?’ असं कुणी विचारत नाही. जिला भुताळी म्हणतात ती एकटी असते, म्हणून ते सोपं जातं. गोदूताईंनी नेमकं उलटं केलं, एकेकट्या माणसांना एकमेकांच्या बाजूने उभं केलं.

आणि आज?

नंदुरबारच्या सातपुड्यात ‘डाकीण’ हा शब्द अजून संपलेला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. कुणी करणी करतं, जनावरांचं दूध आटवतं असं पसरवून त्या व्यक्तीचं जगणं मुश्कील करणं हा आता गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं कैद आणि ५ ते ५० हजार रुपये दंड.

आणि आपण शहरातले म्हणून सुटलो, असं समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. तिथे भगत नव्हता, मोबाइलवरचे फॉरवर्ड होते. तसले फॉरवर्ड तुमच्या-माझ्या ग्रुपवरही येतात.

गोदावरी परुळेकर ८ ऑक्टोबर १९९६ ला गेल्या, तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधी. वारल्यांच्या लढ्यावरच्या त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सेमिस्टर संपली की लायब्ररीत विचारा. पाडे तेच, माणसं तीच, पण सांगणारी तिथे चालत गेलेली आहे.