गांडुळांची बाजू घेणारा सेल्बोर्नचा बागवान

तुमच्या परसात आणि बांधावर गवताच्या किती जाती उगवतात, हे कधी मोजलंय का? बहुतेकांचं उत्तर 'नाही' असंच येईल. आपण त्या सगळ्याला तण म्हणतो, खुरपं घालतो आणि मोकळे होतो. आज ज्यांची ओळख करून द्यायची आहे त्या गृहस्थांनी मात्र एकाच गावात राहून, आपली बाग आणि तिच्या भोवतालचं रान 40 वर्षांहून जास्त काळ रोजच्या रोज बघितलं आणि लिहून ठेवलं. त्यांचं नाव गिल्बर्ट व्हाइट.

व्हाइट यांचा जन्म 18 जुलै 1720 रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातल्या सेल्बोर्न या खेड्यात झाला. लंडनपासून हे गाव नैर्ऋत्येला साधारण 80 किलोमीटरवर आहे. गावामागे खडूच्या दगडाची टेकडी असून तिच्या उतारावर बीच वृक्षांचं दाट रान आहे. आजोबा गावच्या चर्चचे धर्मगुरू होते. नातू ऑक्सफर्डला शिकला, तोही धर्मगुरू झाला. मनात आणलं असतं तर दुसरीकडे चांगली जागा मिळाली असती, पण गाव सुटलं नाही. आयुष्यातला बराच काळ त्यांनी दुय्यम धर्मगुरू म्हणून काम केलं. लग्न केलं नाही. 'वेक्स' नावाचं घर, मागची बाग आणि टेकडी एवढाच त्यांचा पसारा होता.

सुरुवात झाली ती बागेपासून. 1751 साली त्यांनी बागेची नोंदवही सुरू केली. कोणतं बी कधी पेरलं, कधी उगवलं, थंडीने काय गेलं, सगळं तारखेनिशी. खरबुजाचा त्यांना भारी नाद. इंग्लंडच्या थंडीत खरबूज येणार कसं? तर शेजाऱ्यांकडून गाड्याच्या गाड्या लीद-शेण आणायचं, त्याचा गरम वाफा करायचा आणि वर काचेच्या चौकटी ठेवायच्या. बटाटा त्या भागात नवा होता, गोरगरीब तो खायला बिचकत. गावात बक्षिसं ठेवली गेली, लोकांनी लावून बघितला, आणि 20 वर्षांच्या आत त्याच गरिबांच्या घरी बटाटा आवडीने शिजू लागला. आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना नवीन वाण गावात रुजवताना किती जोडे झिजवावे लागतात, ते तुम्ही बघताच. म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

बागेत काम करता करता लक्ष कुंपणापलीकडे गेलं. 1765 च्या सुमारास त्यांनी वनस्पती ओळखण्याचं पुस्तक विकत घेतलं आणि 1766 चं अख्खं वर्ष गावातली रानझाडं, रानफुलं यांच्या नोंदीला दिलं. त्या वेळी व्हाइट 45-46 वर्षांचे होते, म्हणजे शिकायला वय आड येत नाही. 1768 पासून ते छापील रकान्यांची दैनंदिनी भरू लागले. तापमान, वारा, पाऊस, कोणत्या झाडाला पहिली पालवी आली, कोणतं फूल पहिल्यांदा उमललं, कोणता पक्षी केव्हा दिसला, सगळ्याला रकाना.

त्या काळचे बरेच विद्वान मेलेला पक्षी टेबलावर ठेवून अभ्यास करीत. व्हाइट जिवंत पक्षी ऐकत. एकाच जातीचे समजले जाणारे बारीक हिरवट वटवटे प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या जातींचे आहेत, हे त्यांनी आवाजावरून हेरलं आणि 1768 मध्ये कळवलं. गव्हाच्या शेतात राहणारा चिमुकला उंदीरही त्यांनीच विद्वानांपुढे आणला. असे दोन उंदीर तराजूत घातले तर तांब्याच्या अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढे भरले, म्हणजे दोघे मिळून 10 ग्रॅमसुद्धा नाहीत! त्याचं घरटं गोल, क्रिकेटच्या चेंडूएवढं. आत आठ पिल्लं, तरी टेबलावर घरंगळत नेलं तर विस्कटलं नाही.

रातकिडा बिळातून बाहेर काढायची त्यांची रीत आपल्याकडच्या पोरांनाही पटेल. गवताची लवचीक काडी हळूच बिळात सारायची, किडा आपोआप बाहेर येतो. फावड्याने खणलं तर तो बहुधा चिरडला जातो. चर्चच्या वळचणीला गव्हाणी घुबडांचं घरटं होतं. व्हाइट हातात घड्याळ घेऊन तासतासभर उभे राहिले. नर-मादीपैकी कोणीतरी एक सुमारे दर पाच मिनिटांनी पिल्लांसाठी शिकार घेऊन परतत होतं, आणि त्यात उंदीरच फार. घुबडाला अपशकुनी म्हणून हाकलणाऱ्यांनी हा हिशेब स्वतःच करून बघावा.

आता मुख्य गोष्ट, गांडुळांची. त्या काळी बागवानांना गांडूळ नको असे, कारण ते बागेतल्या वाटा घाण करतं. शेतकऱ्यांना नको असे, कारण ते कोवळं पीक खातं असा समज. 20 मे 1777 च्या पत्रात व्हाइट यांनी या दोघांच्याही विरुद्ध गांडुळाची बाजू मांडली. गांडूळ जमिनीला भोकं पाडतं, माती भुसभुशीत करतं, पावसाचं पाणी आणि पिकांची मुळं आत शिरू देतं, काड्या-पानं खाली ओढून नेतं आणि वर जी मातीची लेंडकं टाकतं ती धान्याला व गवताला उत्तम खत होतात. गांडुळं नाहीशी झाली तर जमीन थंड, घट्ट आणि नापीक होईल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मग पीक खातं कोण? त्याचंही उत्तर त्यांनी दिलं. भुंगेऱ्यांच्या अळ्या, लांब पायांच्या माश्यांच्या अळ्या आणि बिनशंखाच्या गोगलगाई. आपल्याकडची हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी, हे तुम्हाला ठाऊक आहे. नुकसान एकाचं आणि शिक्षा दुसऱ्याला, हा प्रकार तेव्हाही होता. चार्ल्स डार्विन यांचं गांडुळांवरचं पुस्तक आलं 1881 मध्ये, म्हणजे या पत्रानंतर 104 वर्षांनी.

गवताबद्दलही त्यांची तक्रार होती. शेतकरी आणि गुरं पाळणारे वर्षायू गवत कोणतं, बहुवर्षायू कोणतं, रसाळ कोणतं आणि निव्वळ चोथा कोणता, यात फरक करीत नाहीत, असं त्यांनी 1778 मध्ये लिहिलं. आपल्या गावातल्या जुन्या गुराख्यांना मारवेल, पवन्या, कुसळी यांतला फरक डोळे झाकून कळतो. पण तो कागदावर किती ठिकाणी आलाय? 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ग्रामपंचायतींनी जी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची, ती याचसाठी आहे. सरपंच आणि ग्रामसेवकांनी ती कचेरीत बसून भरून घेऊ नये, त्या गुराख्याला सोबत घेऊन माळावर जावं.

औषधी पाल्याबाबत व्हाइट सावध होते. गावातल्या बायका पोरांच्या जंतांवर एका रानझाडाच्या पाल्याची पूड देत. ते झाड त्यांनी नोंदलं, उपयोगही नोंदला आणि हा इलाज फार जहाल आहे, जपून द्यावा, असंही लिहिलं.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. काही भिंगऱ्या हिवाळ्यात देश न सोडता कुठेतरी लपून झोपत असाव्यात, हा संशय त्यांच्या मनातून कधी गेला नाही. त्यांनी पुष्कळ शोधलं, हाती काही लागलं नाही. इंग्लंडच्या भिंगऱ्या हिवाळ्यात थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, हे आज आपल्याला माहीत आहे.

थॉमस पेनंट आणि डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक 1789 मध्ये निघालं. छापणारा त्यांचाच भाऊ बेंजामिन. ते आजही छापलं जातं, वाचलं जातं. वेक्स या घराचं आता संग्रहालय झालं आहे.

दैनंदिनीतली शेवटची नोंद 15 जून 1793 ची आहे. त्यानंतर अकरा दिवसांनी, 26 जूनला व्हाइट वारले. गावच्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे, दगड अगदी साधा, त्यावर नावाची दोन आद्याक्षरं आणि तारीख. आत्याच्या मरणानंतर 1780 मध्ये बागेत आणलेलं, वजन करून करून ज्याची नोंद ठेवलेली, ते टिमथी नावाचं कासव पुढच्या वर्षी गेलं. त्याची पाठ लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. जन्मभर सगळ्यांनी त्याला नर समजून पुरुषाचं नाव दिलं होतं. मेल्यावर तपासलं, तेव्हा ती मादी निघाली.