डोळ्यात डोकावणारे हेल्महोल्ट्झ

डॉक्टर डोळे तपासताना एक लहानसे उपकरण डोळ्याजवळ धरतात आणि त्यातून आत पाहतात. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, त्यांना स्पष्ट दिसते. पूर्वी तसे नव्हते. नजर गेलेल्या माणसाची बाहुली नुसती काळी दिसे. आत काय बिघडले आहे, हे डॉक्टरांना कळत नसे. ही अडचण हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी दूर केली.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची होती. हर्मनला पदार्थविज्ञानाची ओढ होती. पण त्या शिक्षणाचा खर्च वडिलांना झेपणारा नव्हता. बर्लिनच्या एका सरकारी संस्थेत वैद्यकीचे शिक्षण मोफत मिळे. त्या बदल्यात सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. हर्मनने ही अट मान्य केली. आवडीचा विषय मात्र सोडला नाही.

१८४९ साली ते क्योनिग्सबर्ग येथे प्राध्यापक झाले. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांना शिकवण्याची तयारी करताना ते विचार करू लागले, की बाहुली काळी का दिसते? डोळ्यात शिरलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो. तो पाहण्यासाठी आपण मध्ये आलो, की आपल्याच डोक्याने दिव्याचा उजेड अडतो. म्हणजे पाहणाराच आडवा येत होता!

हेल्महोल्ट्झ यांनी पातळ काचा तिरप्या बसवल्या. बाजूच्या दिव्याचा प्रकाश काचांवरून परावर्तित होऊन डोळ्यात गेला. परत येणारा प्रकाश काचांतून आरपार आला आणि त्यांना दिसला. पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकासाठी वापरतात तशा काचा, एवढ्या साहित्यावर सुमारे आठ दिवसांत काम झाले. जिवंत माणसाचे दृष्टिपटल व त्यावरील रक्तवाहिन्या दिसू लागल्या. या उपकरणाला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात.

१८५१ साली त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. बर्लिनचे नेत्रवैद्य ग्रेफे यांनी या उपकरणाने डोळ्यांच्या अनेक रोगांचा अभ्यास केला.

८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले. आज दृष्टिपटलाची छायाचित्रे काढता येतात. मधुमेहाने होणारा बिघाड नजर जाण्यापूर्वीच कळू शकतो. या तपासण्यांचा पाया हेल्महोल्ट्झ यांनी घातला. वैद्यकी त्यांनी गरिबीमुळे पत्करली होती, पदार्थविज्ञान आवडीने जपले होते. दोन्ही एकत्र आली, म्हणूनच डोळ्यातला अंधार दूर झाला.