भोकांची पट्टी आणि मुठीतली मोटार

मोटारींच्या लहान प्रतिकृती जुळविणारे, रंगविणारे आणि बारकाव्यांनिशी सजविणारे हौशी लोक जगात कोठेही एकत्र आले, की एक प्रमाण त्यांच्या बोलण्यात हटकून येते : १:४३. म्हणजे खऱ्या मोटारीचा त्रेचाळिसावा भाग. एका फुटाला अर्धा इंच धरला तर चोविसावा भाग होतो, पाव इंच धरला तर अठ्ठेचाळिसावा. दशमान पद्धतीने मोजणाऱ्याला पन्नासावा भाग सोयीचा. त्रेचाळीस हा आकडा फुटात नीट बसत नाही आणि मीटरमध्येही नाही. तरीही कारागिरांच्या पिढ्या त्याच मापाने काम करीत आल्या आहेत. हा विचित्र आकडा मोटारींसाठी कोणी ठरविलेलाच नव्हता. तो आला लिव्हरपूलच्या एका हिशेबनिसाने काढलेल्या खेळण्यातल्या आगगाडीतून. त्या हिशेबनिसाचे नाव फ्रँक हॉर्नबी.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील जॉन हे खाद्यपदार्थांचे व्यापारी. फ्रँकने सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वडिलांच्या दुकानात रोखपालाचे काम धरले. यंत्रांचे वेड मात्र लहानपणापासूनचे. सॅम्युएल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकातील संशोधकांच्या कथांनी त्याला झपाटले होते, आणि त्या भरात त्याने निरंतर चालणारे यंत्र बनविण्याचाही खटाटोप केला. ते चालले नाही, हे सांगायला नकोच. पुढे १८८७ मध्ये क्लारा गॉडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. १८९९ मध्ये वडील वारले, दुकान बंद झाले आणि छत्तिशीतले हॉर्नबी डेव्हिड एलियट या मांस-आयातदाराकडे हिशेबनीस म्हणून नोकरीस लागले. दिवसभर खतावणी आणि संध्याकाळी घर. अभियांत्रिकीचे कसलेही शिक्षण नाही आणि हातात भांडवलही नाही. त्या वेळी कोणी त्यांच्या भवितव्याचा अंदाज केला असता, तर फार तर मुख्य हिशेबनिसाच्या खुर्चीपर्यंत केला असता.

रोलंड आणि डग्लस या आपल्या दोन मुलांसाठी ते घरी पत्रा कापून पूल, गाड्या आणि याऱ्या बनवीत. अडचण एकच होती. प्रत्येक खेळण्याचे भाग वेगळे. एकदा यारी झाली की ती यारीच राहायची. मुले कंटाळली की नवा पत्रा आणि पुन्हा पहिल्यापासून कापाकाप. एका नाताळच्या सुमारास आगगाडीने जाताना खिडकीतून एक यारी दिसली आणि कोडे सुटले, अशी हकिकत पुढे वारंवार सांगितली गेली. अशा हकिकती यश मिळाल्यानंतर अधिक रेखीव होतात. कल्पना मात्र निःसंशय मोठी होती : सगळ्या पट्ट्यांना ठरावीक अंतरावर सारखीच भोके पाडायची, म्हणजे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येईल, आणि खेळ मोडून त्याच सामानातून दुसरा उभा करता येईल.

त्यातही खरी मेख जोडणीत नव्हती. पट्ट्या जोडण्यासाठी जे भोक, त्यातूनच आसाचा दांडा ओवता येत असे. म्हणजे तेच भोक सांध्याचे काम करी आणि चाकाच्या बेअरिंगचेही. दोन भोकांतील अंतर अर्धा इंच ठरले, आणि पुढे दंतचक्रेही त्याच मापाला धरून आली. १९ दात्यांचे लहान चक्र आणि ५७ दात्यांचे मोठे चक्र मधले एक भोक सोडून, म्हणजे बरोबर एक इंचावर, एकमेकांत बसते. लहान चक्राचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक. २५ आणि ५० दात्यांची जोडीही त्याच अंतरावर चालते आणि तेथे वेग निम्मा होतो. गिअर बदलणे म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलाला शब्दाविना समजावे अशी ही रचना होती.

सुरुवातीचे सुटे भाग हॉर्नबी यांनी घरीच हाताने घडविले. हवे तसे नट-बोल्ट बाजारात मिळेनात, म्हणून तेही स्वतःच केले. पेटंटच्या अर्जासाठी पैसे नव्हते. ते पाच पौंड मालक एलियट यांनी उसने दिले. जानेवारी १९०१ मध्ये अर्ज दाखल झाला. नंतर अनेक उत्पादकांचे उंबरे झिजविले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही. अखेर एलियट यांनीच आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागा दिली आणि ते भागीदार झाले. हॉर्नबी यांच्या चरित्रात या मांस-आयातदाराला एखाद्या वाक्यात आटोपण्याची रीत आहे, आणि ती अन्यायाची वाटते. आपल्या हिशेबनिसाच्या पत्र्याच्या पट्ट्यांवर पैसे लावणारे मालक त्या काळी लिव्हरपूलमध्ये किती असतील?

१९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिले संच विक्रीस आले. त्यात सोळा प्रकारचे भाग आणि बारा खेळांच्या आकृत्यांची पुस्तिका असे. १९०३ मध्ये दीड हजार संच खपले, पण नफा झाला नाही. लिव्हरपूलच्या विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी या खेळण्याची लेखी प्रशंसा केली, तिचा जाहिरातीला मोठा आधार झाला. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे सुटसुटीत नाव नोंदविले गेले आणि पुढल्याच वर्षी मेकॅनो लिमिटेड स्थापन झाली. एलियट बाजूला झाले. १९१४ मध्ये बिन्स रोडवरचा प्रशस्त कारखाना सुरू झाला. आपल्याकडेही मागच्या पिढीतील अनेक घरांत ‘मेकॅनो’ हा शब्द एखाद्या कंपनीचे नाव म्हणून नव्हे, तर भोकांच्या पट्ट्यांच्या कोणत्याही खेळाचे सामान्यनाम म्हणून वापरला जाई.

मोटार हा तेव्हाचा नवलाईचा विषय, तेव्हा मेकॅनोची मोटार होणे क्रमप्राप्तच होते. ती वरवरची नव्हती. कंपनीने प्रसिद्ध केलेल्या मोटार-चासीच्या आराखड्यात गिअरबॉक्स होता, डिफरन्शियल होते. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त का फिरते, हे शाळकरी मुलाने स्वतःच्या बोटांनी जुळवून पाहायचे. मोटारीचा बाह्य आकार या चासीला अर्थात नव्हता. पट्ट्यांची मोटार ही सांगाडाच दिसते. ती उणीव १९३२ मध्ये निघालेल्या मोटार कन्स्ट्रक्टर संचाने भरून काढली. चापून काढलेले, एनॅमल दिलेले पत्र्याचे भाग, वेगवेगळ्या प्रकारचे मागचे-पुढचे अंग, आणि आत किल्लीची मोटर. एकाच संचातून आज टूरर, उद्या शर्यतीची गाडी. हॉर्नबी यांच्या मूळ कल्पनेचा हा सर्वांत देखणा आविष्कार म्हणावा लागेल.

मधल्या काळात हॉर्नबी लक्षाधीश झाले होते. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ सुरू झाले. १९१९ मध्ये मेकॅनो गिल्ड निघाले आणि गावोगावच्या मुलांचे क्लब त्याला जोडले गेले. या साऱ्या व्यवहारात मुलींना स्थान नव्हते. जाहिरातींत बाप आणि मुलगा असत. मजकूर मुलांनाच उद्देशून असे. बिन्स रोडच्या कारखान्यात मात्र हे भाग घडविणारे, रंगविणारे आणि डब्यात भरणारे हात बव्हंशी स्त्रियांचे होते. या विसंगतीची खुद्द हॉर्नबी यांना टोचणी होती, असे मानण्यास काही आधार नाही.

१९२० मध्ये किल्लीच्या हॉर्नबी आगगाड्या आल्या, आणि १:४३ चा उगम तेथे आहे. या गाड्या ‘ओ’ गेजच्या. ब्रिटनमध्ये या गेजसाठी एका फुटाला सात मिलिमीटर असे प्रमाण रूढ होते. अर्धे मोजमाप इंग्रजी, अर्धे फ्रेंच. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला सातने भागले की साडेत्रेचाळीस येतात. गाडी झाली की स्थानक हवे, स्थानक झाले की फलाटावर हमाल, उतारू आणि गुरे हवीत. ही लहानसहान भर ‘मॉडेल्ड मिनिएचर्स’ या नावाने विकली जाऊ लागली. मग स्थानकाबाहेरचा रस्ता रिकामा कसा ठेवायचा? शिकागोच्या डाउस्ट कंपनीच्या टूट्सिटॉय मोटारी तोपर्यंत बाजारात होत्याच. १९३३ च्या अखेरीस हॉर्नबी यांच्या कंपनीने सहा वाहनांचा एक संच काढला : स्पोर्ट्स मोटार, कूपे, मालमोटार, व्हॅन, ट्रॅक्टर आणि एक रणगाडा. रेल्वेच्या फलाटाला रणगाडा कशासाठी, हे विचारू नये. मुलांना तो हवा असणार हे विक्रेत्याला कळत होते.

१९३४ मध्ये या वाहनांना ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. १९३५ मध्ये क्रायस्लर एअरफ्लो, रोल्स-रॉईस, डेमलर, व्हॉक्सहॉल अशा नावागावाच्या मोटारी आल्या. आगगाडीची सोबतीण म्हणून आलेली मोटार पाहता पाहता स्वतंत्र झाली. वितळलेला मिश्रधातू दाबाखाली पोलादी साच्यात सोडायचा. जाळी, दरवाजाची रेघ, मडगार्डचा बाक हे सारे साच्यातच कोरलेले. बाहेर पडलेल्या अंगावर रंगाचा फवारा मारला, चाके बसविली की मोटार तयार. खिशातल्या पैशांत परवडणारी.

हॉर्नबी यांच्या जीवनातला सर्वांत मोठा विरोधाभास या खरेदीपाशी येऊन थांबतो. मुलाने विकत घेऊ नये, बनवावे. बनवून मोडावे आणि पुन्हा बनवावे, या एका कल्पनेवर त्यांनी पाच पौंडांच्या कर्जापासून कारखाना उभा केला. त्याच कारखान्यातून, त्यांच्याच हयातीत, जिच्यात बनविण्यासारखे काहीच उरलेले नाही अशी वस्तू बाहेर पडली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. डिंकी मोटारीला पाना लागत नाही, आकृती लागत नाही, संध्याकाळही द्यावी लागत नाही. दोष द्यायचा तर कोणाला? तिशीतल्या मंदीच्या काळात स्वस्त वस्तू विकणे ही व्यापाराची गरज होती, आणि हॉर्नबी जितके संशोधक होते तितकेच व्यापारी. शिवाय मोटार कन्स्ट्रक्टर आणि डिंकी यांच्या जन्मात जेमतेम वर्षाचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याला ढकलून बाहेर काढले असे म्हणता येत नाही. पण खपाने निवाडा केला, तो डिंकीच्या बाजूने.

या वर्षांत हॉर्नबी यांचे लक्ष अंशतः अन्यत्र होते. १९३१ मध्ये ते एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. संसदेत त्यांनी विशेष छाप पाडली नाही आणि १९३५ च्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. हृदयविकार जुना होता, त्यात मधुमेहाची भर पडली. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळच्या मघल या गावी, जेथे त्यांनी घर केले होते, तेथील चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले. थोरले चिरंजीव रोलंड यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली.

पुढची कथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १९५३ मध्ये मॅचबॉक्स आणि १९५६ मध्ये कॉर्गी हे प्रतिस्पर्धी आले. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या बड्या कंपनीने मेकॅनो विकत घेतली. जुने झालेले डिंकीचे काही साचे कलकत्त्याच्या एका कंपनीकडे आले आणि तिने त्यांतून ‘निकी टॉइज’ या नावाने मोटारी काढल्या, त्यामुळे लिव्हरपूलच्या साच्यातील जाग्वार भारतीय मुलांच्याही हाती पडली. नोव्हेंबर १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला.

पण डिंकीने काढून घेतलेले काम मोठ्या झालेल्या मुलांनी पुन्हा ओढून घेतले. तयार मोटारीचा रंग खरवडायचा, कानशीने शिवण घासायची, नवे टायर चढवायचे, जाळीला चंदेरी रंगाची रेघ द्यायची, ही हौस वाढत गेली. सत्तरीच्या दशकात पांढऱ्या धातूचे आणि मग रेझिनचे, सुटे भाग जोडून मोटार घडविण्याचे संच निघाले. केसाएवढ्या आऱ्यांची चाके पातळ पत्र्यातून आम्लाने कोरून काढता येऊ लागली. या साऱ्याचे प्रमाण अर्थात १:४३, कारण कपाटात आधीपासून उभ्या असलेल्या गाड्यांच्या मापाशी ते जुळायला हवे.

युद्धापूर्वीच्या डिंकी मोटारींची डागडुजी करणाऱ्यांना मात्र एका रोगाशी गाठ पडते. या मोटारी ज्या जस्ताच्या मिश्रधातूच्या आहेत, त्यात कारखान्यातच शिशाचा अंश मिसळला गेला. त्याने धातू आतून हळूहळू फुगतो. आधी बारीक चिरा पडतात, मग मडगार्ड वाकडे होते आणि एके दिवशी मोटार बोटांत भुसभुशीत होऊन तुटते. त्यावर इलाज नाही. काही कारागीर अशा मोटारीचा शाबूत राहिलेल्या भागांवरून साचा घेऊन ठेवतात. भोकांच्या पट्ट्यांना हा रोग नाही. त्या गंजतात, वाकतात, रंग सोडतात. पण भोकांतले अर्ध्या इंचाचे अंतर कंपनीने कधी बदलले नाही, आणि हॉर्नबी यांच्या हयातीतली पट्टी आजच्या संचातील पट्टीवर ठेवली तर भोकावर भोक येते आणि बोल्ट आरपार जातो.