सायकलवाले लक्ष्मणराव

महाशिवरात्रीची जत्रा आटोपली, की कुणकेश्वरात दोन-तीन दिवस एक निराळीच शांतता असते. खाजाची दुकाने उठलेली असतात, मांडवांचे बांबू मोजून रचून ठेवलेले असतात आणि देवळाखालच्या वाळूतले हजारो पावलांचे ठसे भरतीने अर्धेमुर्धे पुसलेले असतात. अशाच एका सकाळी माझा पुतण्या पडवीत चहाचा कप घेऊन बसला आणि म्हणाला, की काका, पैशाच्या एका बाबतीत तुमचा सल्ला हवा आहे. मला बँक सोडून काही वर्षे झाली. पण नातेवाइकांच्या लेखी बँकेतला माणूस कधीच निवृत्त होत नसतो. मला वाटले, फ्लॅटच्या कर्जाचे काही असेल. निघाली सायकल.

सायकल टायटॅनियमची. किंमत साडेचार लाखांच्या घरात.

मी कप खाली ठेवला. पुतण्या पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, रविवारी पहाटे उठून शंभर-शंभर किलोमीटर सायकल हाणतो, हे ठाऊक होते. पण साडेचार लाख! त्याने मग मला धीराने समजावून सांगितले. हा धातू पोलादाहून बराच हलका, गंजत नाही आणि वर्षानुवर्षे खड्ड्यांचे हादरे सोसूनही दमत नाही. फ्रेमच्या नळ्या शुद्ध टायटॅनियमच्या नसतात. एका प्रकारात तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असते, दुसऱ्यात सहा आणि चार. दुसरा प्रकार अधिक कणखर आणि महाग. पण त्याच्या नळ्या ओढणे फार अवघड, म्हणून जाणकार बहुधा पहिल्यावरच समाधान मानतात. खरी परीक्षा जोडाची. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली, की ते ठिसूळ होते. म्हणून जोडताना नळीच्या आतून-बाहेरून आर्गॉन वायू खेळवत ठेवावा लागतो. चांगल्या कारागिराचा जोड एकसारख्या वळ्यांचा आणि रुपेरी दिसतो. निळसर-करडा दिसला, तर समजावे, की कुठेतरी हवा शिरली. आणि सगळ्यात महत्त्वाचे माप. पायांची लांबी, हातांची लांबी घेऊन शिंप्याने सदरा बेतावा तशी फ्रेम बेततात.

एवढे झाल्यावर त्याने विचारले, की हे पैसे सायकलीवर घालणे म्हणजे निव्वळ चैन का?

उत्तर द्यायला मी वेळ घेतला, कारण मला दुसऱ्याच एका महाग सायकलीची आठवण झाली. तिची किंमत सातशे ते हजार रुपये होती आणि ती बेळगावात विकली जात होती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. गावातल्या शाळामास्तरच्या काही वर्षांच्या पगाराएवढी ती रक्कम. सायकल घेतलीच, तर तिच्यावर बसायचे कसे हे शिकवण्याची फी वेगळी, रुपये पंधरा. हे दुकान चालवणारे होते रामूअण्णा किर्लोस्कर आणि मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवणारे त्यांचे धाकटे बंधू लक्ष्मणराव. ज्यांच्या नावाचे नांगर आणि पंप पुढे महाराष्ट्राच्या शिवाराशिवारात पोहोचले, तेच हे लक्ष्मणराव. आपण त्यांना नांगरामुळे ओळखतो. सुरुवात मात्र सायकलीची.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमले नाही. दोनच गोष्टींची ओढ, चित्रे काढणे आणि यंत्रे उलगडून पाहणे. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि दोन वर्षांनी तिथे ध्यानात आले, की त्यांना काही रंगच नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपण म्हणजे गवयाला बहिरेपण. दुसरा कोणी घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवल्या. ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. यंत्राचे चित्र काढायला रंग लागत नाहीत, माप लागते.

सायकलीची गोष्ट याच काळातली. किर्लोस्कर उद्योगाचे स्थापनावर्ष म्हणून १८८८ धरतात. योगायोग असा, की त्याच वर्षी डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८५ साली, इंग्लंडात स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची आणि चेनची सायकल बाजारात आणली होती. त्याआधीची उंच चाकाची सायकल म्हणजे पडून हातपाय मोडून घेण्याचे साधन. म्हणजे लक्ष्मणराव ज्या वस्तूचा व्यापार करायला निघाले, ती जगालाच नवी होती. बेळगावात ती पाहायला लोक गोळा होत असतील, यात नवल नाही. माझ्या पुतण्याची टायटॅनियमची सायकल आज जितकी अपूर्वाईची, त्याच्या कितीतरी पट ती अपूर्वाईची होती.

पण हौशी गिऱ्हाइकांना महाग वस्तू विकून पैसे करणे हे लक्ष्मणरावांचे ध्येय नव्हते. सायकल विकली, की ती दुरुस्तही करावी लागते. खोलावी लागते, छर्रे पुसावे लागतात, वाकलेली तार सरळ करावी लागते. मला वाटते, रेखाटनाच्या कागदावरचे यंत्र आणि हाताला तेल लावणारे यंत्र यांतले अंतर या सायकलींनीच कमी केले असावे. हे माझे अनुमान आहे, पण कादंबरीकाराला एवढी मुभा असावी.

मुंबईच्या नोकरीत पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. तिथे भावांनी लहानसा कारखाना थाटला. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. अमेरिकेहून येणारी यंत्रांची मासिके वाचून, चुकत, मोडत, पुन्हा ओतत ते शिकले. नांगर तयार झाला आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. लाकडी नांगरावर बापजाद्यांचे पोट भरले होते. हे काळे यंत्र कोण शेतात घालणार? पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली. हजार रुपयांची सायकल हातोहात खपते आणि पोटापाण्याचा नांगर दोन वर्षे पडून राहतो, हे पाहून माणसाचे काय झाले असेल! दुसऱ्याने शहाणपणाने पुन्हा सायकली मागवल्या असत्या. लक्ष्मणराव नांगरच करत राहिले.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितले. तिथे नवी वसाहत व्हायची होती. आजही बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. पण त्या वेळी किर्लोस्करांना बेळगावात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्या दिवसांत लक्ष्मणराव औंधला यमाईच्या देवळाशी सभामंडपाचे काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, जुने स्नेही. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि वर दहा हजार रुपये कर्ज दिले.

इथे मी, माजी बँक अधिकारी म्हणून, थोडा थांबतो. अर्जदाराचे वय चाळीस. नोकरी सोडलेली. कारखान्याच्या जागेतून बाहेर काढलेले. मालाला गिऱ्हाईक लाभायला दोन वर्षे लागलेली. तारण द्यायला काही नाही. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्यावर काय शेरा मारला असता, हे मला पक्के ठाऊक आहे. कारण तसाच शेरा मी एकदा मारला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कोकणातल्याच एका शाखेत मी नवा अधिकारी. बंदरावरची मासळी डोंगरावरच्या गावांत नेऊन विकणारा एक मुलगा आला. वीस-बावीस वर्षांचा. सायकलीसाठी सहाशे रुपये हवे होते त्याला. मी जामीनदार विचारला, नव्हता. सातबारा विचारला, नव्हता. नियमात बसवायची वाट होती, हे मला तेव्हाही कळत होते. पण तपासणीत कोणी बोट दाखवील ही भीती त्याहून मोठी होती. अर्ज परत केला. तो रोज तीन रुपये भाड्याने सायकल घ्यायचा. नंतर कधीतरी रात्री मी सहज हिशेब केला, तर त्याने वर्षभरात दिलेल्या भाड्यात दीड सायकल आली असती. त्याला शोधायला मी गेलो नाही. वर्षभराने माझी बदली झाली.

पंतप्रतिनिधींनी कागद नव्हे, माणूस पाहिला. मार्च १९१०मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळावर लक्ष्मणरावांनी डेरा टाकला. निवडुंगाचे रान, नागांचा सुळसुळाट, पाण्याचा ठणठणाट. हाताशी मूठभर माणसे. रामूअण्णांनी वसाहतीची घडी बसवली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांसारखे सोबती मिळाले. या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हे ठरलेले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनीच केले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. माझ्या मते शाहू महाराजांच्या कारकिर्दीतल्या लहान पण सुंदर कामांपैकी हे एक. स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. रहाट, चरक, पंप, इंजिने. अमेरिकेत शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव. पुतणे शंकरराव, ज्यांनी १९२०मध्ये काढलेले खबरपत्र वाढून ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि मागोमाग ‘स्त्री’ आले. आमच्या माळ्यावर आईने जपलेल्या ‘स्त्री’च्या अंकांना वाळवीने खाल्ले, ते दुःख अजून आहे. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, त्यांचे टपाल तिकीट निघाले.

हे सगळे मी पुतण्याला त्या सकाळी सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि पुन्हा विचारले, की मग घेऊ की नको? मी त्याला घेऊन मागच्या मांगरात गेलो. तिथे माझी जुनी काळी सायकल भिंतीला टेकून आहे. खाऱ्या वाऱ्याने तिची चेन गंजून एकजीव झालेली, रिमवर तपकिरी खवले. तो म्हणाला, की टायटॅनियमचे असे होणार नाही. मी म्हटले, फ्रेमचे होणार नाही, पण तुझी चेनही पोलादाचीच आहे ना? ती कोण पुसणार? त्याने मान्य केले, की आजवर तो ते काम दुकानातच टाकत आला आहे.

मग आम्ही समुद्रावर गेलो. लाट मागे सरली, की वाळूवर काळसर रेघ उरते, ती मी त्याला दाखवली. रत्नागिरीच्या किनाऱ्याला अशा काळ्या वाळूत इल्मेनाइटचे साठे आहेत, आणि टायटॅनियम निघते ते मुख्यतः त्या जातीच्या खनिजातून. धातूचा शोधही लागला तो १७९१ साली, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूतच. वाळू फुकट असते. तिच्यातला ऑक्सिजन सोडवून धातू वेगळा करणे आणि पुन्हा त्याला हवा लागू न देणे, याचे साडेचार लाख. वाकून चिमूटभर काळी वाळू उचलून तो बराच वेळ बोटांत चोळत राहिला.

दिवाळीत तो आला, तो सायकल गाडीवर बांधून. मापाची फ्रेम, तीन-अडीचच्या नळ्या, जोड रुपेरी. दिवाळीपर्यंतच्या महिन्यांत त्याने माझी काळी सायकल पुण्याला नेऊन सुट्टीसुट्टीला स्वतः खोलली होती, चेन बदलली होती, छर्रे घातले होते. तीही गाडीवर होती. ती सध्या आमच्या वाडीतला एक शाळकरी मुलगा वापरतो.

नव्या सायकलीवर बसायचा मोह मला आवरला नाही. पण सीट उंच, हँडल खाली, टायर करंगळीएवढे. खळ्यातच तोल गेला आणि पुतण्याने धरले म्हणून वाचलो. या वयात पुन्हा शिकावे लागणार, तो हसत म्हणाला. मी आत जाऊन पाकीट आणले आणि पंधरा रुपये त्याच्या हातावर ठेवले.