नेत्रांचे दफ्तर ठेवणारा राजा

आपल्या मराठवाड्यातील वेरूळच्या भोसले कुळाची एक शाखा दूर तंजावरास रुजली. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य स्थापिले. त्याच गादीवरील दुसरे सरफोजीराजे ग्रंथप्रेमी म्हणून सर्वांस परिचित आहेत. त्यांची नेत्रवैद्यकाची आवड मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

राजांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले, पण तुळजाराजांच्या पश्चात गादी अमरसिंगांकडे गेली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याने पोरक्या राजपुत्राला सांभाळले, शिकविले. १७९८ साली गादी मिळाली खरी, पण पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार इंग्रजांकडे गेला. सत्ता गेलेल्या या राजाने मग विद्येचे राज्य उभारले. सरस्वती महाल समृद्ध केला, देवनागरी छापखाना काढला आणि औषधांच्या अभ्यासासाठी धन्वंतरी महाल चालविला.

नेत्ररोग्यांवरील उपचारांत ते जातीने लक्ष घालीत. चव्वेचाळीस रोग्यांच्या नोंदी आजही सरस्वती महालात आहेत. रोग्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रे हे त्यांचे वैशिष्ट्य होय. छायाचित्रणाची कला रूढ होण्यापूर्वीचे हे काम आहे! ७ मार्च १८३२ रोजी राजे निवर्तले. दफ्तर मागे राहिले.

त्या काळी मोतीबिंदू दूर केला की डोळा भिंगाविना राही. पुढे जाड चष्मा आला. पण त्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठी दिसे आणि बाजूचे नीट दिसत नसे. लंडनच्या हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ साली एका रुग्णाचा मोतीबिंदू काढला व १९५० च्या फेब्रुवारीत दुसऱ्या शस्त्रक्रियेने त्या डोळ्यात कृत्रिम भिंग कायमचे बसविले. भिंगाविना राहिलेल्या डोळ्याला आजही असे मागाहून भिंग बसविता येते. मात्र दृष्टी किती येईल, हे एकट्या भिंगावर ठरत नाही. बुबुळावरील पारदर्शक पटल आणि आतला दृष्टिपटल निरोगी हवेत. म्हणूनच आधीच्या डोळ्याची नोंद मोलाची ठरते.

बीड जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत जाड चष्म्याचे आजी-आजोबा आपण पाहिले आहेत. शिबिरात शस्त्रक्रिया किती झाल्या, हा आकडा फलकावर लागतो. त्यांपैकी किती जणांना सुईत दोरा ओवता आला, वाटेतला दगड दिसला, याची नोंद कोण ठेवतो? शस्त्रक्रियेचे यश त्या नोंदीत असते. सरफोजीराजांच्या दफ्तरातून आपण निदान एवढा धडा अवश्य घ्यावा.